माहीम-दादरमध्ये चांगलं हॉटेल शोधायचं तर सकाळी सातला बाहेर पडा

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून माहीमला, शितळादेवीजवळ, राहायला येऊन दोन महिने झाले. घरात तुम्ही दोघं आणि बाबा. बाबांना मासे लागतात, तुम्ही दोघं शाकाहारी. ऍपवर बघून तीन हॉटेलांत जेवलात. तिन्हींना चारच्या वर गुण होते आणि तिन्हीकडचा रस्सा एकाच चवीचा निघाला. मग या भागातली जुनी माणसं चांगलं हॉटेल शोधतात तरी कसं, हा तुमचा प्रश्न.

आधी त्या एका चवीबद्दल. तुमच्या जिभेने बरोबर पकडलंय. पुष्कळ हॉटेलांत सकाळी तीन टोप चढतात. एक कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, एक परतलेल्या कांद्याची तपकिरी, एक काजू-मगजाची पांढरी. दिवसभर ऑर्डर येईल तसा त्यातला एकेक डाव कढईत पडतो. पनीर टाकलं की पनीर मसाला, कोंबडी टाकली की चिकन मसाला, आणि वरून चमचाभर मालवणी मसाला पडला की मेनूत त्याचं नाव मालवणी. याला फसवणूक म्हणता येणार नाही. मेनूत दीडशे पदार्थ असतील आणि गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत ताट हवं असेल, तर दुसरं काही करताच येत नाही. म्हणून मेनूकार्ड हातात आलं की पानं मोजा. मालवणी, पंजाबी, चायनीज आणि पिझ्झा एकाच कार्डावर दिसले, तर तिथे चहा प्या आणि निघा.

मी गेली २६ वर्षं दादर, माहीम, परळ भागातल्या हॉटेलांना ओलं आणि भाजकं वाटण पुरवते. शिवाय कुणी नवीन खानावळ काढत असेल तर भटारखाना लावून देते. मी ज्यांना माल देते त्यांची नावं इथे घेणार नाही, ते बरोबर दिसणार नाही. खाली जी नावं येतील ती माझ्या धंद्याबाहेरची आहेत. माझा सगळा वावर मागच्या दाराने, त्यामुळे मला हॉटेल दोन गोष्टींवरून कळतं. सकाळी आत काय जातं ती एक, आणि ताटात जे स्वस्त किंवा फुकट येतं ते कसं आहे ती दुसरी. सुरमईची तळलेली तुकडी कुणीही सांभाळून करतो, चारशे रुपये तिचेच घ्यायचे असतात. वाटीभर सोलकढीकडे कोण लक्ष देतं, यावर सगळं ठरतं.

तर पहिलं काम. एखाद्या बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी सातला घरातून निघा. शितळादेवीपासून एल. जे. रोडने सिटीलाइटच्या दिशेने चाला, तिथून पुढे गोखले रोड, रानडे रोड. या वेळी हॉटेलांची शटरं अर्धी वर असतात आणि माल उतरत असतो. नारळाची पोती उतरतात की नुसती पुठ्ठ्याची खोकी? बाजूच्या बोळात बायका बसून मटार सोलतायत, कोथिंबीर निवडतायत, की गोठवलेल्या मटारच्या पिशव्या पडल्यात? कचऱ्याच्या डब्यात करवंट्या आहेत का? मी नवीन ठिकाणी गेले की आधी करवंट्या बघते. पन्नास-साठ माणसं जेवणाऱ्या मालवणी हॉटेलाला रोजचे पंचवीस-तीस नारळ तरी लागतातच. मागे दहा करवंट्याही नसतील तर खोबरं पाकिटातून येतंय.

त्याच फेरीत सिटीलाइटच्या गोपी टँक मंडईत जा. कोळणीकडे नुसती चौकशी करत उभं राहू नका, आधी काहीतरी घ्या. पावशेर करंदी घेतलीत तरी चालेल. मग विचारा, "मावशी, तुमचा बांगडा इथल्या कुठल्या हॉटेलात जातो हो?" ती पटकन नाव सांगत नाही, आधी तुम्ही कुठे राहता ते विचारते. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सांगते, आणि त्याबरोबर एक फार कामाची गोष्ट सांगते: कोण मोठी मासळी निवडून नेतं आणि कोण दुपारी बाराला येऊन उरलेली पाटी उचलतं. ही माहिती तुम्हाला जगातल्या कुठल्याही ऍपवर मिळणार नाही.

दुसरी फेरी दुपारी दीड वाजता मारा. कोण जेवतंय ते बघा. दुकानातली काउंटरवरची मुलं, बँकेतली माणसं, टॅक्सीवाले, एकटे बसून पेपर वाचत जेवणारे आजोबा असतील तर आत जा. हे लोक रोज येतात आणि पोटाला त्रास झाला तर दुसऱ्या दिवशी येत नाहीत. रविवारी रात्री बाहेर लागलेली रांग मला तेवढं सांगत नाही, कारण त्यातले अर्धे फोटो बघून आलेले असतात.

रोज येणाऱ्या माणसाला मी इतकं का मानते ते सांगते. माझ्या सासूबाई लालबागला खानावळ चालवायच्या. कोकणातून आलेले गिरणी कामगार, दोन पाळ्यांत मिळून चौदा माणसं, एका खोलीत. पैसे पगाराच्या दिवशी. वर्षानुवर्षं तीच माणसं तेच जेवण जेवणार, म्हणून तेल मोजकं आणि तिखट बेताचं असायचं. रोज वेगळी भाजी आणि आठवड्याला ठरलेले दोन दिवस मासळी. अशा शेकडो बायका तेव्हा गिरणगावात होत्या आणि बहुतेक सावकाराच्या कर्जात बुडालेल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. मुंबईचं पोट कुणी भरलं असा प्रश्न निघाला तर मोठ्या हॉटेलांच्या आधी या बायकांचं नाव घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारे गावी गेले आणि सासूबाईंची खानावळ बसली. घरात पाटा-वरवंटा आणि मसाल्याचं प्रमाण तेवढं राहिलं. पुढे त्यांनी वाटण करून विकायला सुरुवात केली, तोच धंदा आज मी करते.

त्या खानावळींची चव आजही काही ठिकाणी सापडते. ओळखायची खूण सोपी आहे. काउंटरवर विचारा, "महिन्याचं जेवण मिळतं का?" मिळतं म्हणाले, किंवा दुपारी डबे भरून जाताना दिसले, तर ते हॉटेल एकदा तरी जेवून बघाच.

पाटीवरचं नावही वाचा. मुंबईत हॉटेलाच्या नावातच त्याची जात कळते, जात म्हणजे जेवणाची. 'लंच होम' लिहिलं असेल तर बहुधा मंगळूरकडची मासळी, म्हणजे गस्सी (तिकडचा नारळाचा रस्सा) आणि नीर डोसा. फोर्टमध्ये अशी जुनी लंच होम आहेत. 'बोर्डिंग' म्हणजे एके काळी महिनेवारी जेवणारे जिथे असायचे ते. माटुंगा स्टेशनाबाहेर ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे, तिथे आजही केळीच्या पानावर वाढतात. 'भोजनालय' म्हटलं की गुजराती-मारवाडी थाळी, काळबादेवीचं ठाकर भोजनालय १९४५ चं. 'उपाहारगृह', 'दुग्ध मंदिर', 'आरोग्य भुवन' म्हणजे साबुदाणा वडा, थालीपीठ, पियुष. पाटीवर जे आहे तेच मागवा. उडुप्याकडे जाऊन हक्का नूडल्स खायच्या आणि मग हॉटेल बरोबर नाही म्हणायचं, यात हॉटेलावर अन्याय होतो.

आता ताटाकडे येते, कारण माझं खरं काम तिथलं.

सोलकढीपासून सुरुवात करा. ओला नारळ खवायचा, कोमट पाणी घालून वाटायचा आणि फडक्यातून पिळायचा. पहिलं जाड दूध, मग परत पाणी घालून पातळ दूध. त्यात आमसुलांचं पाणी किंवा आगळ (कोकमाचा रस), ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, मीठ, वर कोथिंबीर. एका नारळाच्या फार तर चार-पाच वाट्या होतात. म्हणजे शंभर वाट्यांना वीस-पंचवीस नारळ आणि दीड-दोन तास हाताचं काम, आणि हे सगळं ताटाबरोबर जवळजवळ फुकट द्यायचं. मालकाला पहिला मोह इथेच होतो. नारळाच्या दुधाची पावडर कोमट पाण्यात फेटली की पाच मिनिटांत बादली तयार, वरून कोकम सरबताचं सिरप ओतलं की झकास गुलाबी रंग.

ओळखायचं कसं? पेला आला की लगेच पिऊ नका, दहा मिनिटं तसाच ठेवा. खऱ्या दुधाची सोलकढी फुटल्यासारखी होते, पांढरट जाडसर थर वर चढतो आणि खाली पातळ गुलाबी पाणी राहतं. चमचा फिरवला की पुन्हा एक होते. पावडरची आहे तशीच राहते आणि प्यायल्यावर जिभेवर पिठूळपणा उरतो. रंग कांद्याच्या सालीसारखा फिका हवा. दुकानातल्या गोळीसारखा भडक गुलाबी असेल तर सोडून द्या. गोड लागली तर सिरप पडलंय. आणि रात्री नऊला मागितल्यावर वेटर "संपली" म्हणाला तर नाराज होऊ नका. नारळाचं दूध मुंबईच्या हवेत चार-पाच तासांत आंबायला लागतं. दुपारी केलेली संपली आणि आंबट झालेली रात्री वाढली नाही, याचा अर्थ आत कुणीतरी लक्ष ठेवून आहे. एकही पदार्थ कधीच न संपणाऱ्या हॉटेलाची मला काळजी वाटते.

रस्सा बघताना रंगाला भुलू नका. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण असेल तर रस्सा तांबूस तपकिरी येतो, लालभडक नाही. दोन बोटांत थोडा रस्सा चोळून बघा, हॉटेलात असं करायला संकोच वाटतो पण करा. खोबऱ्याचा बारीक रवाळपणा हाताला लागतो आणि बोटांना खोबऱ्याचं तेल सुटतं. मैद्याने किंवा कॉर्नफ्लॉवरने जाड केलेला रस्सा गुळगुळीत आणि चिकट लागतो, गार झाला की त्यावर साय धरते.

तांदळाची भाकरी. थापलेली असेल तर कडा सगळीकडे सारख्या नसतात आणि एका अंगाला बोटांचे ठसे दिसतात. ती यायला दहा मिनिटं लागतात, त्याची तक्रार करू नका. कानोसा घेतलात तर आतून थापण्याचा आवाज येतो. भाकरी करणारी बाई हे मालवणी हॉटेलातलं सगळ्यात अवघड माणूस आहे. ती सुट्टीवर गेली की मालक हवालदिल होतात, मला सकाळी सकाळी फोन येतात. चांगलं हॉटेल त्या दिवशी सरळ सांगतं की आज भाकरी नाही, चपाती घ्या.

मासळीत पहिल्या दिवशी पापलेट, सुरमई मागवू नका. बांगडा मागवा, नाहीतर मांदेली. बांगडा शिळा लपत नाही, त्याचा वास मसाल्यातूनही वर येतो, म्हणून ज्याचा बांगडा चांगला त्याची खरेदी चांगली. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, त्रिफळं पडली असतील तर स्वयंपाकी कोकणातलाच किंवा तिकडे शिकलेला. त्रिफळं दाताखाली आली की जीभ किंचित बधिर होते, ती चावायची नसतात, बाजूला काढायची. बोंबील मागवलात तर तो चपटा आहे का बघा. बोंबलात पाणी फार, तो तळण्याआधी वजनाखाली दाबून पाणी काढावं लागतं. तेवढा वेळ दिला नसेल तर रव्याचं कवच बाहेर कडक आणि आत पाणी सुटलेलं.

वाराही महत्त्वाचा. आपल्या लोकांचे मासळीचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवारी, गुरुवारी, बऱ्याच घरांत शनिवारीही खात नाहीत. त्यामुळे बुधवारी-शुक्रवारी माल ताजा येतो आणि त्याच दिवशी उठतो. रविवारी माल ताजा असला तरी गर्दीत भटारखाना धावत असतो. पहिल्यांदा जायला बुधवार दुपार उत्तम. गटारीच्या आठवड्यात, म्हणजे आषाढाच्या अखेरीस, कुठल्याही हॉटेलावर मत बनवू नका, त्या दिवसांत आम्हालाच श्वास घ्यायला वेळ नसतो.

तुमचा प्रश्न जुलैत आलाय, म्हणून हे जास्त सांगते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडची मासळी बर्फात घालून मुंबईला येते. ती खायला हरकत नाही, फक्त आज सकाळची, ससून डॉकची म्हणून कुणी वाढत असेल तर ते खरं नाही. वेटरला विचारा, "सुरमई कुठली आहे सध्या?" बर्फातली आहे, आंध्रकडची आहे असं उत्तर आलं तर त्या हॉटेलावर माझा विश्वास वाढतो. तुकडी मोडून बघा: ताज्या सुरमईचे पदर सुटतात आणि ते ओलसर असतात, फार दिवस गोठवलेलीचा दाबला की चोथा होतो. आणि अजून एक बघा, पावसाळ्यात मेनूत सुकी मासळी आणि खाडीतलं वाढतं का. सोड्यांचं कालवण, सुक्या बोंबलाची चटणी, जवळा, खाडीतल्या चिंबोऱ्या. कोकणातल्या घरांत या दिवसांत हेच शिजतं. फळ्यावर खडूने 'आज सोडे' लिहिलेलं हॉटेल दिसलं तर बाबांना घेऊन आत जा.

तुमच्या शाकाहारी जेवणासाठी तुम्ही मुंबईतल्या सगळ्यात सुखी कोपऱ्यात राहायला आलात. पूर्वेला माटुंगा, दक्षिणेला दादर. माटुंग्यात सकाळी आठच्या आत जा. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४० चं, स्टेशनाजवळचं राम आश्रय १९३९ चं. राम आश्रयमध्ये शिरा दर दिवशी वेगळ्या फळाचा असतो, आधी तोच घ्या. उडुपी हॉटेलाची परीक्षा डोशाने करू नका, चटणीने करा. ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारी चारनंतर चाखून बघा. ताजी वाटलेली असेल तर गोडसर लागते, सकाळची असेल तर कडेने पाणी सुटलेलं असतं आणि डाळ्यांचा वास पुढे येतो. खोबरं कमी आणि डाळं जास्त, ही काटकसर चटणीत पहिल्यांदा दिसते. सांबार मुंबईत थोडं गोड असतं, ती इथली रीत आहे, तो दोष धरू नका.

दादरला प्रकाशमधला साबुदाणा वडा आणि पियुष, स्टेशनाजवळ मामा काणे यांच्याकडचा बटाटावडा. मामा काणे १९१० पासूनचे. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं होतं, तेव्हापासून तिथे रांग असते. आडवारी दुपारी चारला गेलात तर निवांत मिळते. मिसळ कुठेही खा, आधी नुसती मटकी खाऊन बघा. मोड आलेली मटकी दाणा न दाणा सुटी आणि किंचित दाताला लागणारी हवी. फरसाण आणि कट कितीही चांगला असला तरी गाळ झालेल्या मटकीची मिसळ मी पुढे खात नाही. साबुदाणा वडा दोन मिनिटांत समोर आला तर तो आधी अर्धा तळून ठेवलेला आहे. कोथिंबीर वडीचंही तेच.

आता ऍपबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही, पण गुणांपेक्षा तिथे दुसरं काही बघा. प्रत्येक हॉटेलाच्या पानावर अगदी खाली एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. हॉटेलात तो भिंतीवर लावलेला हवा, आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणंही बंधनकारक आहे. तो वाचायला शिका. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ११५१९ ने सुरू होणारा क्रमांक हा २०१९ साली महाराष्ट्रात दिलेला परवाना. केंद्राकडून घेतलेले परवाने १०० ने सुरू होतात, ते सहसा मोठ्या साखळ्यांचे.

याचे दोन उपयोग आहेत. एक, ऍपवर बिर्याणीचं एक, मालवणीचं एक आणि घरगुती डब्याचं एक अशी तीन नावं दिसली आणि तिन्हींचा क्रमांक एकच निघाला, तर भटारखाना एकच आहे. बसायला जागाच नाही, फक्त पार्सल. तुमच्या तीन हॉटेलांचे क्रमांक पडताळून बघा, मला दाट शंका आहे की दोन तरी जुळतील. दुसरा उपयोग जुन्या नावाचा. पाटीवर '१९६८ पासून' आणि परवाना २०२३ चा असेल, तर मालक बदलला असण्याची शक्यता आहे. हा कायदाच २०११ पासून अमलात आला, म्हणून २०११ च्या मागचा क्रमांक कुणाकडेच नसेल, आणि पत्ता किंवा भागीदारी बदलली तरी नवा परवाना लागू शकतो. तेव्हा तेवढ्यावरून निकाल देऊ नका, काउंटरवर आदराने विचारा. जुने मालक असतील तर ते आनंदाने सगळा इतिहास सांगतात.

मालक बदलण्याचं मी एवढं का सांगते? माझं एक जुनं गिऱ्हाईक होतं, नाव सांगत नाही. अठरा वर्षं रोज पहाटे साडेपाचला माझ्याकडून वाटण जायचं. मालकांना, म्हणजे दादांना, अर्धांगाचा झटका आला, मुलगा परदेशात, हॉटेल पाटीसकट दुसऱ्याने चालवायला घेतलं. पहिल्या महिन्यात वाटण बारा किलोवरून आठवर आलं. तिसऱ्या महिन्यात चारवर. सहाव्या महिन्यात त्यांचा माणूस म्हणाला, "ताई, उद्यापासून नको, आम्ही तयार ग्रेव्ही घेतो." वेटर तेच, टेबलं तीच, भिंतीवरचा दादांच्या वडिलांचा फोटो तोच. ऍपवरचे ४.४ गुण त्यानंतरही वर्षभर हलले नाहीत, कारण सगळी चांगली मतं दादांच्या काळातली साठलेली होती. मला त्या वर्षी तिथून चालत जाताना फार वाईट वाटायचं. लोक रांगेत उभे असायचे, आणि आत काय उरलंय हे मला माहीत होतं.

म्हणून मतं वाचताना क्रम बदलून सगळ्यात नवी आधी लावा, आणि गेल्या तीन महिन्यांचीच वाचा. पाच ताऱ्यांची आणि एक ताऱ्याची सोडून द्या, तीन ताऱ्यांची वाचा. तिथे माणूस शांतपणे लिहितो: भात गार होता, कोळंबी चांगली होती. गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो बघा, हॉटेलाने टाकलेले नकोत. आणि एकाच आठवड्यात एकाच थाटाची वीस मतं आली असतील तर ती पैसे देऊन लिहून घेतलेली समजा.

पैशाचं थोडक्यात. बिलात सेवाशुल्क लावलं असेल तर ते द्यायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. त्यापेक्षा वेटरच्या हातात थेट काहीतरी ठेवा, आणि भाकरी आवडली असेल तर करणाऱ्या मावशींना निरोप पाठवा. तो निरोप आत पोहोचतो आणि दिवसभर पुरतो, हे मी स्वतः पाहिलंय.

बाबांच्या जेवणात मीठ-तेल कमी लागतं असं तुम्ही शेवटी लिहिलंय. रोज माणसं जेवणाऱ्या खानावळीत ते सहज होतं, कारण तिथे तळण वेगळं आणि कालवण वेगळं असतं. पाचव्या-सहाव्या खेपेला मालकाशी ओळख झाली की आदल्या दिवशी फोन करा आणि तव्यावरची तुकडी, पातळ कालवण, वेगळा भात एवढं सांगून ठेवा. गर्दीच्या वेळेआधी, साडेबाराला जा. माहीमला राहताच आहात तर कोळीवाड्यात बचत गटाच्या बायकांनी २०२३ च्या अखेरीला मासळीचे गाळे सुरू केले होते, ते चालू आहेत का विचारा आणि असतील तर तिथेही एकदा न्या, समोर समुद्र आहे, बाबांना बरं वाटेल. सध्या दोन-तीन आठवडे सोडे, सुका बोंबील आणि चिंबोरीवर काढा. नारळी पौर्णिमा झाली, बोटी जाऊन परत आल्या, की पुढच्या बुधवारी गोपी टँकला मावशींकडे चौकशी करा आणि त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी बाबांसाठी बांगड्याचं तिखलं मागवा, बरोबर एक वाटी सोलकढी. ती दहा मिनिटं टेबलावर तशीच ठेवायला विसरू नका.